बुटकं बटरफ्लाय बुश आणि शेपूची एक ओळ

न्यू जर्सीतल्या आमच्या अंगणातलं पहिलं बटरफ्लाय बुश मी माझ्याच हातानं उपटलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. फोर्सिथियाचा पिवळा बहर ओसरत आला होता, लायलॅकला पानं फुटली होती आणि हे झुडूप मात्र करड्या काटक्यांची जुडी होऊन उभं होतं. हिवाळ्यात गेलं, असं समजून मी फावडं घातलं. मुळं वर आली तेव्हा बुंध्याशी, मातीच्या अगदी लगत, ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवट कोंब दिसले. तसंच परत लावलं, पाणी घातलं, पण तुटलेल्या मुळांनी ते काही धरलं नाही.

म्हणून लावण्याआधीच हे सांगते. हे झाड फार उशिरा जागं होतं. आमच्याकडे मेचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडेपर्यंत त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. शंका आलीच तर बुंध्याजवळच्या जाड फांदीवर नखानं हलकंसं खरवडून बघा. साल निघून खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. वरच्या फांद्या कोरड्या लागल्या तरी धीर सोडायचा नाही. थंडीत वरचं लाकूड मरतं आणि झाड मुळातून फुटतं, हे कडक हिवाळ्याच्या भागांत दरवर्षीचंच आहे. जूनची पहिली तारीख उलटून गेल्यावरही बुंध्याशी काही हाललं नाही, तरच फावडं हातात घ्या.

हे झाड मूळचं चीनमधलं. शास्त्रीय नाव बडलिया डेव्हिडी. नावाचा पहिला भाग ॲडम बडल या इंग्लिश धर्मगुरूचा, ज्याला वनस्पतींचा नाद होता. दुसरा आर्मां डेव्हिड या फ्रेंच मिशनऱ्याचा, ज्याच्यामुळे पाश्चात्त्य जगाला १८६९ साली पांडा ठाऊक झाला. लांब, निमुळते तुरे आणि त्यांत दाटीनं बसलेली शेकडो चिमुकली नळीदार फुलं. प्रत्येक नळीच्या तळाशी मध. जांभळी, निळसर, गुलाबी, पांढरी, अशा रंगांत मिळतं. ऐन जुलैत, जेव्हा वसंतातली फुलं संपलेली असतात आणि शेवंतीला अजून वेळ असतो, तेव्हा हे फुलायला लागतं आणि पहिलं दहिवर गोठेपर्यंत फुलत राहतं. त्याचा वासही मधाचाच. संध्याकाळी डेकवर बसलं की वाऱ्याबरोबर येतो.

जुन्या, साध्या जातीचं झाड मात्र आठ-दहा फूट सहज वाढतं आणि तेवढंच पसरतं. टाउनहाउसच्या पायऱ्यांशेजारी ते लावलं तर दुसऱ्या वर्षी खिडकी झाकतं आणि तिसऱ्या वर्षी सोसायटीचं पत्र येतं. लहान अंगणाला बुटक्या जातीच योग्य. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात डेनिस वर्नर यांनी अशा जाती तयार करण्यावर बरीच वर्षं काम केलं. ‘लो अँड बिहोल्ड’ मालिकेतली त्यांची ‘ब्लू चिप’ २००९च्या सुमारास बाजारात आली आणि बुटक्या बडलियाचं युग सुरू झालं. ती दोन ते तीन फुटांवर थांबते. त्याच मालिकेतली ‘पिंक मायक्रो चिप’ तर दोन फुटांच्याही आतच राहते. ‘पर्पल हेझ’च्या फांद्या आडव्या पसरून किंचित खाली झुकतात, त्यामुळे उतारावर ती फार शोभते. वर्नर यांच्याच ‘मिस मॉली’ आणि ‘मिस रुबी’ चार-पाच फुटांच्या आहेत. रंग गडद, लालसर गुलाबी. कुंपणाला लागून जागा असेल तर माझं मत ‘मिस मॉली’ला. ‘पगस्टर’ नावाची आणखी एक मालिका आहे, झाड दोन फुटांचं आणि तुरे मात्र मोठ्या झाडाएवढे. दिसायला ती सगळ्यांत देखणी, हे मान्य.

पण नर्सरीत गेल्यावर उंचीच्या आधी दुसरी एक गोष्ट बघा. झाड निर्बीज आहे का? बुटकं म्हणजे निर्बीज असं नाही, आणि इथंच पुष्कळ लोक फसतात. साध्या बडलियाच्या एकेका तुऱ्यातून हजारो बिया सुटतात. धुळीसारख्या हलक्या असतात, वाऱ्यावर उडतात, ओढ्याच्या काठी, रेल्वेच्या रुळांलगत, पडक्या भिंतींच्या फटींत रुजतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बॉम्बनं पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांवर हेच झाड माजलं होतं. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी त्याला उपद्रवी तणांच्या यादीत घातलं आहे. ऑरेगनमध्ये साधी जात विकायला बंदी आहे, आणि ज्यांच्या बिया जवळजवळ रुजतच नाहीत अशा तपासलेल्या जातींनाच परवानगी मिळते. आपल्याकडच्या घाणेरीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. बागेतली शोभेची म्हणून आणलेली घाणेरी सह्याद्रीच्या उतारांवर कुठवर पोचली, हे ट्रेकला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या देशात राहून आपण तीच चूक त्यांच्या ओढ्याकाठी करू नये, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा लेबल वाचा, विचारा, आणि नर्सरीवाल्याला सांगता येत नसेल तर ते झाड तिथंच ठेवा. ‘ब्लू चिप’, ‘पर्पल हेझ’, ‘मिस मॉली’ आणि ‘मिस रुबी’ यांच्यात बी नगण्य धरतं. बी धरणारं झाड आधीच लावलेलं असेल तर उपटण्याचीही गरज नाही, फक्त तुरा तपकिरी व्हायला लागला की लगेच कापायचा आणि कचऱ्यात टाकायचा, कंपोस्टमध्ये नाही. हे काम मात्र सुटीवर गेलं म्हणून चुकवता येत नाही.

लेबलवर आणखी एका नावाचा घोटाळा होतो. बटरफ्लाय बुश वेगळं आणि बटरफ्लाय वीड वेगळं. दुसरं म्हणजे नारिंगी फुलांचं मिल्कवीड, आपल्या रुईच्या कुळातलं. तेही हवंच आहे, त्याकडे पुढे येते.

लावायची वेळ मे ते जूनचा मध्य. ऑक्टोबरमध्ये नर्सऱ्या अर्ध्या किमतीत झाडं काढतात तेव्हा मोह होतो, पण हे झाड तेव्हा घेऊ नका. मुळं रुजायच्या आत जमीन गोठते आणि बहुतेक झाडं वसंत बघत नाहीत.

जागा उन्हाची हवी. सहा तास थेट ऊन ही किमान अट, आठ तास मिळाले तर फुलं दुप्पट वाटतात. घराच्या उत्तरेला किंवा मेपलच्या सावलीत लावलेलं झाड जगतं, पण लांबुळकं होतं, फांद्या पडतात आणि तुरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात.

पण ऊन असूनही झाड मरतं ते पाण्यानं. बडलिया थंडीला फारसं भीत नाही, या बुटक्या जाती अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातल्या पाचव्या पट्ट्यापर्यंत टिकतात आणि आमचं मध्य न्यू जर्सी सातव्यात मोडतं. त्याला मारते ती हिवाळ्यातली साचलेली ओल. आमच्या भागातली माती तांबूस आणि चिकण. नवीन वसाहतींत तर बिल्डरनं वरची चांगली माती खरवडून नेलेली असते आणि गवताच्या चटईखाली विटेसारखी घट्ट जमीन लागते. म्हणून खड्डा खणल्यावर लगेच झाड ठेवू नका. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरा, ते पाणी जिरू द्या, आणि मग परत भरून घड्याळ बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला पाणी दिसत असेल तर तिथं खड्ड्यात लावूच नका. त्याऐवजी आठ-दहा इंच उंचीचा, दोन-अडीच फूट रुंदीचा मातीचा उंचवटा करून त्याच्या माथ्यावर लावा. भाताच्या खाचरात वांगी लावायची वेळ आली तर कोकणात वरंबा करतातच ना, तसाच हा वरंबा.

चिकण मातीत खड्ड्यापुरती भुसभुशीत माती आणि कंपोस्ट भरण्याची चूकही करू नका. पावसाचं सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरतं, कडेची चिकण माती ते बाहेर जाऊ देत नाही, आणि झाड बादलीत उभं राहतं. खणलेलीच माती परत भरा. मुळांचा गोळा आसपासच्या जमिनीपेक्षा इंचभर वर राहू द्या. वरून दोन इंच मल्च घाला, पण ते बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. आणि लावण्याआधी एकदा डोळ्यांपुढे जानेवारी आणा. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ तुम्ही फावड्यानं कुठे लोटता? त्या ढिगाच्या जागी हे झाड नको. दोन झाडं असतील तर मध्ये तीन फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी ते फार वाटतं, तिसऱ्या वर्षी बरोबर वाटतं.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज थोडं थोडं शिंपडल्यानं मुळं वरवर राहतात. पुढच्या वर्षापासून फक्त मोठी उघडीप पडली तरच. खताचं तर नावच नको. आपल्या लोकांना झाडाला प्रेमानं काहीतरी खाऊ घालावंसं वाटतं, मलाही वाटतं, पण बडलिया हे खडकाळ, निकस जमिनीतलं झाड आहे. खत दिलं की पानं माजतात आणि फुलं आटतात. वसंतात ओंजळभर कंपोस्ट बुंध्याभोवती पसरलं की वर्षाचं झालं. लॉनला खत मारायला माणूस येत असेल तर त्याला या वाफ्यापासून लांब ठेवा.

छाटणी वर्षातून एकदाच, आणि ती वसंतात. फुलं नव्या फांदीवर येतात, त्यामुळे कापायला घाबरण्याचं कारण नाही. बुंध्याशी कोंब नीट दिसायला लागले की साध्या मोठ्या झाडाला जमिनीपासून फूटभर ठेवून सगळं उतरवतात. बुटक्या जातींना इतकं कठोर व्हावं लागत नाही: निम्म्यानं कापा, मेलेलं लाकूड जिवंत कोंबाच्या वरपर्यंत काढा, पुरे. शरद ऋतूत, पानगळीबरोबर अंगण आवरायच्या उत्साहात, कात्री इथं आणू नका. तेव्हा कापलं तर झाड अवेळी कोवळी फूट काढतं आणि ती पहिल्या कडाक्यात जळते. शिवाय उभ्या काटक्या बुंध्याला थोडं पांघरूण घालतात. उन्हाळ्यात सुकलेले तुरे काढले तर नवे लवकर येतात. निर्बीज जातींत हे ऐच्छिक आहे, पण सकाळचा चहा घेऊन झाडाजवळ उभं राहायला ते चांगलं निमित्त असतं.

ज्यांच्याकडे फक्त गॅलरी किंवा डेक आहे त्यांनी कुंडीत लावावं. चौदा इंची कुंडी, तळाला मोठी भोकं, खाली ताटली नाही. हिवाळ्यात कुंडी तापवलेल्या घरात आणायची नसते, झाडाला झोपायचं असतं. गराजमध्ये भिंतीशी ठेवा आणि महिन्यातून एकदा पेलाभर पाणी द्या. एप्रिलमध्ये बाहेर काढा.

या झाडाची एक मोठी सोय म्हणजे हरणं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ज्यांच्या हॉस्टा आणि ट्यूलिप एका रात्रीत फस्त झाल्या आहेत त्यांना याची किंमत कळेल. जुलैत हिरवट तांबूस चकाकीचे जपानी भुंगे येतात आणि पानांची जाळी करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी हलवा, टपटप पडतात. कोरड्या उन्हाळ्यात पानं फिकट, ठिपकेदार झाली तर खालून कोळी लागलेले असतात. पाइपानं पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवसांआड. एवढंच करा. कीटकनाशक फवारू नका, कुठलंही. ज्या झाडावर फुलपाखरांना जेवायला बोलावलं त्यावर विष टाकायचं नसतं. निओनिकोटिनॉइड प्रकारची औषधं तर झाडात मुरतात आणि मधात उतरतात. न्यू जर्सीनं २०२२ साली कायदा करून बागांमधला त्यांचा वापर मर्यादित केला. नर्सरीत झाड घेतानाच विचारा, याला असलं काही दिलं आहे का?

इथपर्यंत सगळं केलंत तर जुलैच्या मध्याला झाडावर माणसं थांबून बघतील इतकी फुलपाखरं येतील. पिवळ्या पंखांवर काळे पट्टे असलेली टायगर स्वॉलोटेल, नारिंगी मोनार्क, पेंटेड लेडी, आणि गुणगुणत अधांतरी उभा राहणारा, हमिंगबर्डसारखा दिसणारा पतंग. पण पहिल्या एक-दोन वर्षांनंतर मला एक गोष्ट खटकायला लागली. इतकी फुलपाखरं येतात, जातात, मग त्या झाडावर एकही अळी कशी नाही?

कारण ही त्यांची खानावळ आहे, माहेर नाही. बाळंतपणाला फुलपाखरू इथं येत नाही. प्रत्येक जातीच्या अळीला ठरावीक झाडांचीच पानं चालतात आणि इथल्या फुलपाखरांच्या अळ्यांना या चिनी झाडाची पानं खाता येत नाहीत. नुसतं बटरफ्लाय बुश लावणं म्हणजे पाहुण्यांना सरबत देऊन दारातूनच वाटेला लावणं. मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः हेच: बडलिया लावा, जरूर लावा, पण एकटं लावू नका. त्याच्या शेजारी माहेर लावा.

आणि मराठी घराला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. शेपू पेरा. इथल्या ब्लॅक स्वॉलोटेलच्या अळ्या शेपू, बडीशेप, पार्सली, गाजराचा पाला यांवर वाढतात. ही स्वॉलोटेल २०१६पासून न्यू जर्सीचं राज्य फुलपाखरू आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ साली, महाराष्ट्रानं ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला होता. दोघीही पॅपिलिओ या एकाच प्रजातीगटातल्या, दोघींचे पंख काळे, दोघींना निळ्याची झाक. तिथली लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते, इथली शेपूच्या कुळातल्या झाडांवर. हे मला कळलं तेव्हा आपल्या गावचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

एप्रिलच्या मध्याला, माती हाताला फार गार लागेनाशी झाली की बडलियापासून दोन-तीन हातांवर, उन्हातच, शेपूची एक ओळ टाका. दर तीन आठवड्यांनी आणखी थोडं बी, कारण उन्हाळा चढला की शेपू फुलावर येतो आणि पाला संपतो. भाजीसाठी वेगळी ओळ ठेवा आणि ही ओळ अळ्यांची समजा. बडीशेपेचं एखादं रोप असेल तर उत्तम, ते टिकतं जास्त. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेच्या थेंबासारखी काळी-पांढरी दिसते. मोठी झाली की हिरवी, प्रत्येक वेढ्यावर काळा पट्टा आणि त्यात पिवळे ठिपके. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबाच्या झाडावरच्या अळ्यांनी लहानपणी तुम्हाला असंच दटावलं असेल. मुलांना दाखवा. शेपूचा फडशा पडू द्या, दोन डॉलरचं बी असतं.

दुसरं माहेर मिल्कवीडचं, मोनार्कसाठी. कोरड्या उंचवट्यावर नारिंगी बटरफ्लाय वीड, ओलसर कोपऱ्यात गुलाबी स्वॅम्प मिल्कवीड. म्हणजे जी जागा बडलियाला नकोशी ती या स्वॅम्प मिल्कवीडला चालते. ते तोडल्यावर रुईसारखाच पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. आपल्याकडे लाल-पिवळ्या फुलांचं हळदकुंकू नावाचं झाड असतं, तेही याच गटातलं आणि इथल्या दुकानांत ट्रॉपिकल मिल्कवीड म्हणून मिळतं. न्यू जर्सीत थंडी त्याला संपवते, पण टेक्सास-फ्लोरिडात राहणाऱ्यांनी ते टाळावं. तिथं ते हिवाळाभर हिरवं राहतं आणि मोनार्कला लागणारा एक परजीवी रोग त्यावर टिकून राहतो. लावलेलंच असेल तर शरदात बुंध्यापर्यंत कापून टाका.

सप्टेंबरमध्ये मोनार्क दक्षिणेला निघतात. मेक्सिकोपर्यंतचा प्रवास असतो, आणि न्यू जर्सीच्या टोकाला केप मे इथं खाडी ओलांडण्याआधी ते मोठ्या संख्येनं जमतात. त्या दिवसांत तुमचं बडलिया फुललेलं असेल तर एकेका तुऱ्यावर तीन-तीन बसलेले दिसतील. तेव्हा खानावळीची खरी गरज असते. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस सुकलेले तुरे एकदा मन लावून काढून ठेवा, नवे तुरे बरोबर त्या वेळी येतात.

मग थंडी पडेल. शेपूच्या वाळक्या दांड्या, बडलियाच्या काटक्या, कुंपणाच्या फळ्या, सगळं जिथल्या तिथं राहू द्या. ब्लॅक स्वॉलोटेलची शेवटची पिढी कोशातच हिवाळा काढते आणि तो कोश सुकल्या पानाच्या रंगाचा, रेशमाच्या एका धाग्यानं काटकीला बांधलेला असतो. वसंतात छाटणीची कात्री घेऊन वाकाल तेव्हा आधी प्रत्येक काटकीवरून नजर फिरवा. कोश दिसला तर ती काटकी लांब कापा, कुंपणाशी उभी टेकवून ठेवा, आणि मग उरलेलं झाड छाटा.